वजीर फुकट मिळतो तेव्हा

तुम्ही काळ्या सोंगट्या घेऊन बसला आहात. डावाच्या जेमतेम चार-पाच खेळ्या झाल्या आहेत. तुमच्या उंटाने समोरच्याचा घोडा जखडून ठेवलेला आहे. तो घोडा हलला तर त्याच्या मागचा वजीर तुमचा. आणि समोरचा माणूस नेमका तोच घोडा उचलून तुमचं मधलं प्यादं मारतो. वजीर उघडा पडला. काय कराल?

बहुतेक जण वजीर मारतात. मग पांढरा उंट तुमच्या राजाशेजारचं प्यादं मारून शह देतो. राजाला सरकायला एकच घर उरलेलं असतं, तो तिथे जातो, आणि पांढऱ्याचा दुसरा घोडा पटाच्या मध्यावर उडी मारून मात करतो. त्याच्याकडे वजीर नाही, तुमचं जवळजवळ सगळं सैन्य शाबूत आहे, आणि डाव संपला आहे. हिला लेगालची मात म्हणतात. लेगाल हा अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू. 'काफे द ला रेजाँस' या तिथल्या प्रसिद्ध अड्ड्यावर तो सगळ्यांत भारी मानला जाई, आणि पुढे युरोपभर ज्याचं नाव झालं तो फिलिदोर त्याचा शिष्य.

या डावाबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. ती शंभर टक्के खरी असेलच असं नाही, पण गेली दोन-अडीचशे वर्षं बुद्धिबळवाल्यांना ती सांगावीशी वाटते हे मात्र खरं. लेगालने म्हणे आधी त्या घोड्याला नुसता हात लावला, आणि मग 'अरे, हा तर जखडलेला आहे' असं अचानक लक्षात आल्यासारखा हात मागे घेतला. समोरच्याने लगेच नियमावर बोट ठेवलं: हात लावला, आता तोच घोडा हलवावा लागेल. लेगालने 'नाइलाजाने' घोडा हलवला. समोरच्याने आनंदाने वजीर घेतला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

यात आणखी एक गंमत आहे. या डावाची जी नोंद सहसा छापली जाते, तिच्यात काळ्याचा एक घोडा आधीच बाहेर आलेला आहे. त्याने वजिराचा मोह सोडून ते आगाऊ घोडं नुसतं मारलं असतं, तर लेगाल एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा गमावून बसला असता. म्हणजे खेळी चूक होती. पटावर जे कमी पडत होतं ते हाताच्या अभिनयाने भरून काढलं.

आता मला तुमच्याशी बोलायचं आहे ते यावर: लेगालने फसवलं का? आणि फसवलं असेल तर नेमकं कुठे? खेळीत, की हातात?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. रविवारी मराठी शाळा सुटल्यावर पालक चहा पीत गप्पा मारत असतात, तेवढा तास-दीड तास मी मुलांना बुद्धिबळ शिकवते. तिथे आठ वर्षांच्या एका मुलाने आदल्या दिवशीच्या स्पर्धेतला डाव मला मांडून दाखवला. अशाच एका सापळ्यात तो आठव्या खेळीत हरला होता. डाव दाखवून झाल्यावर त्याने विचारलं, "काकू, ही चीटिंग आहे ना?" मी पटकन "नाही" म्हणाले, आणि त्याने तितक्याच पटकन विचारलं, "मग तो मला बघून हसला का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तसं सोपं आहे. बुद्धिबळात लपवायला काही नसतंच. तीन पत्तीत माझे पत्ते तुम्हाला दिसत नाहीत. माझ्या हातात दुरी-तिरी असताना मी एक्क्याच्या थाटात पैसे लावते, तेव्हा तुमच्यापासून एक वस्तुस्थिती दडवलेली असते. पटावर बत्तीस सोंगट्या दोघांच्या डोळ्यांसमोर उभ्या असतात. जी मात मला दिसते ती तुम्हालाही दिसू शकते. तुम्हाला फक्त शोधावी लागते. मी लपवते तो माझा विचार, आणि तो सांगायला मी बांधील नाही. किंबहुना तो मी सांगू नये याच बोलीवर आपण खेळायला बसलो आहोत.

खोटं बोलण्याच्या बाबतीत तत्त्वज्ञांमध्ये सगळ्यांत कडक माणूस म्हणजे इमान्युएल कांट. त्याच्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत एक उदाहरण येतं. मी सामान बांधायला घेतलं, बघणाऱ्यांनी मी प्रवासाला निघालो असा समज करून घेतला, आणि मला तसंच व्हायला हवं होतं. तरीही मी खोटं बोललो असं होत नाही, कारण त्या लोकांना माझ्याकडून खुलासा मागण्याचा हक्कच नव्हता. (वर्षाआड तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे उदाहरण लगेच कळावं.) पटावरची खेळी ही या सामान बांधण्यासारखी आहे. घोडा उचलून मी प्यादं मारते तेव्हा मी काहीही विधान करत नाही. 'माझा वजीर वाचवायचा राहून गेला' असं मी म्हटलेलं नसतं. ते तुम्ही स्वतःला सांगता.

इथपर्यंत सगळं ठीक. पण म्हणून सगळे सापळे सारखे ठरतात का? मला तसं वाटत नाही, आणि इथे जरा थांबून दोन-तीन सापळे नीट पाहायला हवेत.

जर्मन खेळाडू झीगबेर्ट टाराश याने १८९१ साली एका सुरुवातीचं विश्लेषण छापलं. रुय लोपेझ नावाच्या त्या सुरुवातीत काळ्याने एका ठरावीक वेळी किल्लेकोट केला तर पुढच्या दहा खेळ्यांत त्याचं सैन्य कसं गळतं हे त्यात दाखवलं होतं. लक्षात घ्या, किल्लेकोट. पहिल्याच धड्यात शिकवतात ती, राजाला सुरक्षित करणारी शहाणी खेळी. पुढच्या वर्षी, १८९२मध्ये ड्रेस्डेनच्या स्पर्धेत व्हिएन्नाचा मार्को टाराशसमोर बसला आणि त्याने नेमक्या त्या वेळी किल्लेकोट केला. सतराव्या खेळीला त्याने डाव सोडला. सापळा लावणाऱ्याने तो कुठे लावला आहे हे आधी छापून जाहीर केलं होतं! याच्याहून उघडा सापळा मला माहीत नाही. शिवाय टाराशच्या सगळ्या खेळ्या मुळातच चांगल्या होत्या. मार्कोने योग्य उत्तर दिलं असतं तरी टाराशचं काही बिघडलं नसतं.

दुसरा एक सापळा एलिफंट ट्रॅप म्हणून ओळखला जातो. (आपल्या पटावरच्या हत्तीशी त्याचा काहीही संबंध नाही, मुलं दर वेळी विचारतात.) इथे पांढऱ्याच्या उंटाने काळ्याचा घोडा जखडलेला असतो. काळा शांतपणे आपला दुसरा घोडा बाहेर काढतो. पांढऱ्याला वाटतं, मधलं प्यादं फुकट आहे, कारण जखडलेला घोडा हलूच शकत नाही. तो प्यादं मारतो. घोडा हलतो! पांढरा वजीर घेतो, काळा उंटाने शह देतो, आणि तो शह अडवायला पांढऱ्याला स्वतःचा वजीर मध्ये घालावा लागतो. हिशेब संपतो तेव्हा काळा एका मोहऱ्याने वर असतो. लेगालचीच कल्पना, पण फरक फार मोठा आहे. काळ्याने घोडा बाहेर काढला ती खेळी अशीही उत्तमच होती. पांढऱ्याने लोभ केला नाही तर डाव नेहमीसारखा पुढे चालू.

आता याच्या शेजारी ब्लॅकबर्न शिलिंग गँबिट ठेवा. जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न हा एकोणिसाव्या शतकातला नामवंत इंग्लिश खेळाडू. कॉफीहाउसमध्ये येणाऱ्या हौशी लोकांशी तो एक शिलिंग लावून झटपट डाव खेळायचा आणि ही युक्ती वापरून पैसे जिंकायचा, असं सांगतात. तिसऱ्याच खेळीला काळा आपला घोडा पांढऱ्याच्या मुलखात नेऊन ठेवतो आणि मधलं प्यादं उघडं टाकतो. पांढऱ्याने ते प्यादं घोड्याने मारलं की काळा वजीर बाहेर येतो. आणि पांढऱ्याने मोह वाढवत आणखी एक प्यादं मारलं की सातव्या खेळीला त्याच्या राजाची स्वतःच्याच सोंगट्यांत कोंडून मात. पण पांढऱ्याने नुसता किल्लेकोट केला, किंवा तो घोडा मारून टाकला, तर काळ्याने सुरुवातीलाच वेळ वाया घालवलेला असतो. म्हणजे ही खेळी चांगली ठरायची तर समोरचा अडाणी असायला हवा. नावातच शिलिंग आहे हे मला अगदी योग्य वाटतं. खेळाडूची किंमत बघून लावलेला सापळा आहे तो.

आजच्या काळात याचा भाऊ म्हणजे स्टॅफर्ड गँबिट. अमेरिकन इंटरनॅशनल मास्टर एरिक रोझेनने ऑनलाइन खेळून तो घरोघरी पोचवला. काळा एक प्यादं देऊन टाकतो, आणि पांढऱ्याने दोन-तीन अगदी साध्या दिसणाऱ्या खेळ्या केल्या की आठव्या खेळीला मात. माझ्या त्या आठ वर्षांच्या मित्राचा घात यानेच केला होता. कुठल्याही संगणकाला विचारा, तो सांगेल की काळ्याची बाजू पडती आहे.

माझं मत असं की पहिल्या जातीच्या सापळ्यात प्रतिस्पर्ध्याचा मान राखलेला असतो. 'तू बरोबर खेळलास तरी माझी तयारी आहे' असं त्यात गृहीत असतं. दुसऱ्या जातीत मी समोरच्याकडे बघून ठरवते की याला कळणार नाही. आणि मग डावभर मनात एकच इच्छा असते, की याला न कळो. दुसऱ्याच्या मूर्खपणाची अशी वाट बघत बसणं हे पाप नसेल, पण मन रमवायची ती चांगली जागा नव्हे.

यावर तुम्ही म्हणाल, आणि बरोबर म्हणाल, की तीन मिनिटांच्या डावात 'चांगली खेळी' म्हणजे काय? संगणकाला जे उत्तर क्षणात दिसतं ते माणसाला पाच सेकंदांत दिसत नाही. घड्याळ हाही पटाचाच भाग आहे. समोरच्याला अवघड जाईल अशी खेळी करणं म्हणजेच तर खेळणं. शिवाय तोही माझ्यासाठी हेच करतो आहे. हा युक्तिवाद मी खूप दिवस मनात घोळवला आहे आणि तो अर्धा मला पटतो. दोघं तुल्यबळ असतील, दोघांनाही माहीत असेल की आज दंगामस्ती आहे, तर स्टॅफर्ड खेळायला माझी काहीच हरकत नाही. तो पतंगाच्या काटाकाटीसारखा उघड खेळ होतो. अडचण येते ती समोरच्याला आपण कुठला खेळ खेळतो आहोत हेच माहीत नसतं तेव्हा. कॉफीहाउसमध्ये शिलिंग हरणाऱ्या माणसाला वाटत होतं की आपण बुद्धिबळ खेळतो आहोत. समोरच्याचा मात तो धंदा होता.

परदेशात आल्यावर पहिल्या वर्षी आपण सगळेच अशा शिलिंगवाल्यांना भेटलो आहोत. पहिला महिना फुकट आणि तेराव्या महिन्यापासून दुप्पट, अट छोट्या अक्षरांत. वस्तुस्थिती कुठेही लपवलेली नसते. कागदावर सगळं छापलेलं असतं, अगदी पटावरच्या सोंगट्यांसारखं. म्हणून काही लोक म्हणतात, वाचायचं होतं ना. पण आपण तिथे खेळायला बसलेलो नसतो. भाड्याचं घर शोधणारा माणूस हा प्रतिस्पर्धी नव्हे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या करताना म्हटलं आहे की खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे आपण होऊन पत्करणं. 'आपण होऊन' हे शब्द काढून टाका, मग तोच सापळा नुसता सापळा उरतो, उंदराचा असतो तसा.

आता लेगालच्या हाताकडे येऊ.

द्रोणपर्वातला प्रसंग तुम्हाला आठवत असेलच. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला, द्रोणांनी युधिष्ठिराला विचारलं, आणि युधिष्ठिराने मोठ्याने जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं; हत्तीचा उल्लेख मात्र पुटपुटून केला. त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. लहानपणी मला हे अन्यायाचं वाटायचं. शब्द तर खरेच होते! पण कांटच्या सामान बांधण्याच्या उदाहरणाशेजारी हा प्रसंग ठेवला की फरक दिसतो. द्रोण खिडकीतून डोकावून अंदाज बांधत नव्हते. त्यांनी विचारलं होतं. तेही मुद्दाम युधिष्ठिराला, कारण हा एक माणूस खोटं बोलणार नाही असा त्यांचा विश्वास होता. सापळा लावला तो त्या विश्वासात.

पटावरची खेळी काहीच बोलत नाही. पण मागे घेतलेला हात बोलतो, दचकलेला चेहरा बोलतो, 'अरे देवा' असा सुस्कारा तर स्पष्टच बोलतो: माझी चूक झाली. हे विधान आहे, आणि ते खोटं आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांतही प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करायला किंवा त्याला त्रास द्यायला मनाई आहे. तिथे भर शांततेवर असावा, पण मला त्या नियमाचा नैतिक अर्थ जास्त महत्त्वाचा वाटतो. पटाबाहेरचं काही पटावर आणायचं नाही.

मोठ्या माणसांच्या स्पर्धेत या सुस्काऱ्याला कोणी फारसं फसत नाही. तिथे समोरच्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलांचं तसं नसतं. सहा-सात वर्षांचं मूल पट बघता बघता दर दोन मिनिटांनी समोरच्याचा चेहरा बघतं, आणि समोर बाबा किंवा आजोबा असतील तर चेहराच जास्त बघतं. 'चुकलो वाटतं' असं आजोबा म्हणाले तर ते खरंच चुकले असं त्याला वाटतं, कारण एरवी आजोबा खोटं बोलत नाहीत. गंमत म्हणून असं करणारे प्रेमळ लोक माझ्या बघण्यात आहेत. मूल हरतं, सगळे हसतात, मूलही थोडं उशिरा हसतं. त्या उशिराकडे बघा. बुद्धिबळात हरल्याचं दुःख त्यात नसतं.

आपल्या मुलांना चार खेळींची मात शिकवणाऱ्या पालकांशी माझं भांडण होतं ते याच्या जवळपासचं. उंट आणि वजीर काढायचे, राजाशेजारच्या दुबळ्या प्याद्यावर नेम धरायचा, समोरच्याला कळलं नाही की संपलं. पहिल्या स्पर्धेत हमखास दोन-तीन डाव मिळतात आणि एक ट्रॉफी घरी येते. इथल्या आपल्या लोकांत मुलांच्या ट्रॉफ्यांची काय किंमत आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. पण वर्षभराने बघितलं तर त्या डावांत हरलेल्या मुलांना ती मात अडवता येत असते, आणि जिंकलेलं मूल अजून वजीर लवकर बाहेर काढून समोरच्याच्या चुकीची वाट बघत असतं. चूक येत नाही, मग ते चिडतं. समोरचा बरोबर खेळला याचा राग येणं, ही सवय पटापुरती राहील याची मला खात्री वाटत नाही. म्हणून मी सापळा शिकवते तो नेहमी सापडणाऱ्याच्या बाजूने. पट फिरवून देते आणि विचारते, हा वजीर तुला का दिला असेल?

या प्रश्नाचीही दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त अवघड वाटते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. आमच्याकडे एका मुलीने सलग दोन डाव सापळ्यात गमावले आणि तिसऱ्या डावात अगदी खरोखर फुकट उभा असलेला हत्ती मारला नाही. का, म्हटलं. "असं कोणी फुकट देत नाही." दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला कसंसंच झालं. समोरच्या बिचाऱ्याकडून हत्ती नुसता राहून गेला होता.

सापळा टाळायचा म्हणजे संशय घ्यायचा असा आपला समज असतो. पण संशयी माणूस पट बघतच नाही. तो आधीच ठरवून मोकळा झालेला असतो, लोभी माणसासारखाच. लोभी म्हणतो 'मिळतंय, घ्या', संशयी म्हणतो 'मिळतंय, नको', आणि मोजत दोघंही नाहीत. समोरच्याने ही खेळी का केली असेल, हा प्रश्न विचारताना तो दुष्ट आहे असं धरावं लागत नाही, तो विचार करतो एवढंच धरावं लागतं. मग मोजायचं. मोजल्यावर हत्ती खरंच फुकट निघाला, तर घ्यायचा.

याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण १९१८चं, न्यूयॉर्कमधलं. फ्रँक मार्शलने कापाब्लांकासमोर एक प्यादं सोडून एकदम हल्ला सुरू केला. ही घरी केलेली तयारी आहे हे कापाब्लांकाच्या लगेच लक्षात आलं. त्याने नंतर लिहिलं त्याचा आशय असा, की समोर भयंकर हल्ला येणार हे दिसत होतं, तरी आव्हान स्वीकारणं त्याला स्वाभिमानाचं वाटलं. त्याने प्यादं घेतलं, मार्शलने आधी अभ्यासलेला तो सगळा हल्ला पटावर बसून एकट्याने परतवला, आणि डाव जिंकला. सापळ्यात डोळे उघडे ठेवून गेलेला माणूस. आणि मार्शलची ती कल्पना एवढी भक्कम निघाली की आज शंभर वर्षांनंतरही ती अव्वल दर्जाची मानली जाते, आणि पुष्कळ ग्रँडमास्टर ती टाळण्यासाठी आधीच वाट बदलतात. त्यांना कोणी भित्रं म्हणत नाही.

मात्र मोजूनही चुकायला होतं. १९७२ साली रेक्याविकला फिशरने स्पास्कीविरुद्ध 'विषारी प्यादं' म्हणून प्रसिद्ध असलेलं प्यादं दोनदा वजिराने मारलं. नावातच विष आहे, म्हणजे सूचना मिळालेली. सातव्या डावात ते पचलं, बरोबरी झाली. अकराव्या डावात स्पास्कीने आपला एक घोडा उचलून परत मूळ घरी नेऊन ठेवला. माघार घेतल्यासारखी दिसणारी ती खेळी, आणि तिच्यानंतर फिशरचा वजीर हळूहळू कोंडला गेला. फिशरला लोभी म्हणायची माझी तयारी नाही. त्याने हिशेब केला होता. स्पास्कीचा त्या दिवशी जास्त खोल होता.

इमान्युएल लास्कर १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षं जगज्जेता होता. गणिती होता, तत्त्वज्ञानावरही लिहायचा, आणि नाझींमुळे जर्मनी सोडून शेवटी न्यूयॉर्कमध्ये वारला, म्हणजे आपल्यापेक्षा फार वाईट कारणाने पण आपल्यासारखाच परमुलखात. पटावर खोटेपणा फार काळ टिकत नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. गंमत अशी की बुद्धिबळातल्या सगळ्यांत देखण्या सापळ्यांपैकी एकाला त्याचंच नाव आहे. त्यात काळ्याचं एक प्यादं सातव्याच खेळीला पलीकडच्या टोकाला पोचतं आणि वजीर न होता घोडा होतं, कारण शह घोड्यालाच देता येतो. वजीर मागितला तर सगळा डौल ओसरतो. मुलांना तो दाखवला की त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो कोणाला फसवल्याच्या आनंदाचा नसतो.

त्या आठ वर्षांच्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या रविवारी सगळ्यांना मिळून दिलं. आमच्या टेबलावर आता नियम आहे: सुस्कारा नाही, 'अरे देवा' नाही, डोक्याला हात लावणं नाही, आणि समोरचा सापडल्यावर त्याच्याकडे बघून हसणं नाही. नियम लागू झाल्यावर पाच मिनिटांत एका मुलीने अडवलंच. सापळा लागला की तिला आतून हसू येतं. ते दाबून गंभीर चेहरा करून बसायचं, म्हणजे तेही खोटंच ना? आनंद झालेला असताना झाला नाही असं दाखवायचं?

मी म्हटलं, दाबायचं. न दाखवणं वेगळं आणि खोटं दाखवणं वेगळं. ती म्हणाली, गंभीर चेहरा हेही दाखवणंच आहे. दुसरा म्हणाला, मग चेहरा टेबलाखाली घाला. त्यावरून बरीच वादावादी झाली, दोन डाव तसेच अर्धवट राहिले, आणि पालक कोट घालून दारात येऊन उभे राहिले तेव्हा मुलीचं म्हणणं खोडून काढता येईल असं काही मला सुचलेलं नव्हतं. तुम्हाला सुचत असेल तर कळवा.